निवडलेला आणि मागोमाग आलेला

घरात कुत्रे आणावयाचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो जातीचा. मराठीत ह्यासाठी रुळलेला दुसरा शब्द नाही. ज्या सुशिक्षित घरात पाहुण्याची जात विचारणे अशिष्ट मानले जाते, त्याच घरात ‘कोणत्या जातीचे आणायचे?’ हा प्रश्न कोणीही न अडखळता विचारतो. ‘जातिवंत’ हे विशेषण गौरवाचे आणि ‘गावठी’ हे हेटाळणीचे, हेही त्या घरात कोणाला खटकत नाही. हा केवळ भाषेतील योगायोग म्हणून सोडून देण्याचा मोह होईल. परंतु वंशशुद्धीची जी कल्पना माणसांच्या बाबतीत निदान लाजिरवाणी ठरली, तिला कुत्र्यांच्या बाबतीत वंशावळीचे दाखले आणि बाजारभाव लाभला आहे, हे नाकारता येणार नाही.

जबलपूरच्या गोरखपूर वस्तीतील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आलेले आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेलेले हे शहर. मराठी माणसाला येथे सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. बाजाराच्या वर्दळीला लागून असलेले, अंगण नसलेले, गच्चीपुरते आकाश असलेले असे ते घर. नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना मुधोळचे शिकारी कुत्रे हवे आहे. गृहिणीला हवा आहे तो पग: मांडीवर मावणारा, चपट्या तोंडाचा, २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून घरोघरी परिचित झालेला.

दोन्ही इच्छांत कुत्र्यापेक्षा स्वतःविषयीची एक प्रतिमा अधिक आहे. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ह्या जातीची जोपासना केली, आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली त्यांत मुधोळलाही स्थान मिळाले. हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी गृहस्थाला असे कुत्रे दारात बांधण्यात काय सुख वाटेल, हे सांगावयास नको. (कुत्र्याला मात्र आपण मराठी असल्याचा पत्ता नसतो.) पगची ओढ अधिक निरागस वाटते. मोठे कपाळ, वाटोळे डोळे, चपटे नाक ही सारी तान्ह्या मुलाच्या चेहऱ्याची लक्षणे. माणसाच्या वात्सल्याला हाक घालील असा चेहरा माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडविला आहे.

येथे पेच पडतो. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून, नाकातोंडातील ओलाव्याच्या वाफेवाटे ते उष्णता बाहेर टाकते. पगची कवटी आखूड झाली, पण आतील मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाला नाही. त्यामुळे श्वासाची वाटच अडते. जे घोरणे ऐकून घरातील मंडळी कौतुकाने हसतात ते पुष्कळदा गुदमरण्याचे सौम्य रूप असते. उलट मुधोळ हे दख्खनच्या उन्हात घडलेले, लांब नाकाचे, सडपातळ कुत्रे. त्याला हवा बाधत नाही, पण घर बाधेल. मोकळ्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडविलेली ती शरीरयष्टी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती ह्यांनंतर तिचे ते पिढीजात कामही, योग्य कारणानेच, बंद झाले. गच्चीवर येरझारा घालणारे मुधोळ म्हणजे प्रयोजन हरवलेला वेग होय. ज्याला हवा मानवते त्याला घर मानवत नाही. ज्याला घर मानवते त्याला हवा मानवत नाही.

ह्यावर एक युक्तिवाद केला जातो, आणि तो वाटतो तितका पोकळ नाही. पगला लोकांनी मागणी केली नसती तर हा विशिष्ट पग जन्मालाच आला नसता. मग त्याचे अहित झाले असे कोणत्या जीवनाशी तुलना करून म्हणावयाचे? डेरेक पार्फिट ह्या ब्रिटिश तत्त्वचिंतकाने ‘रीझन्स अँड पर्सन्स’ (१९८४) ह्या ग्रंथात भावी पिढ्यांच्या संदर्भात ह्याच स्वरूपाचे कोडे मांडले आहे. कोड्याचे बळ मान्य करूनही एक भेद करावा लागतो. समोर असलेल्या पिलाला आसरा देण्यात त्याच्यावर अन्याय नाही, कदाचित उपकारच आहे. परंतु त्याच्यासाठी मोजलेले पैसे पुढच्या वेताची तरतूद असतात. खरेदीदार एका पिलाचा पालक होतो आणि न जन्मलेल्या दहा पिलांच्या श्वासाचा भागीदारही. नेदरलँडने २०१९ पासून अतिआखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध आणले, ते ह्याच दुसऱ्या जबाबदारीपोटी. गोरखपूरच्या घराला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. १९४८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच शहरात आहे.

भारतीय परंपरेत कुत्र्याविषयीचा सर्वांत गंभीर प्रसंग महाप्रस्थानिक पर्वात येतो. स्वर्गाच्या दाराशी इंद्र युधिष्ठिराला कुत्रे सोडून रथात बसावयास सांगतो आणि युधिष्ठिर नकार देतो. ह्या कथेवर बोलताना त्या कुत्र्याच्या रूपाने धर्मच उभा होता, ह्या उलगड्यावर भर दिला जातो. वस्तुतः उलगड्याने नकाराचे मोल कमीच होते. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, ते कुत्रे युधिष्ठिराने निवडलेले नव्हते. हस्तिनापुराहून ते मागोमाग आले. त्याचे कूळ त्याने विचारले नाही, त्याचा उपयोगही पाहिला नाही. आश्रयाला आलेल्याला टाकणे हे पाप, एवढेच त्याने धरून ठेवले. निवडीतून उत्पन्न होणारे कर्तव्य आणि आश्रयातून उत्पन्न होणारे कर्तव्य एकच नव्हे. निवडलेली वस्तू अपेक्षेस उतरली नाही तर परत करण्याची वासना होते. महागडी कुत्री मोठी झाल्यावर रस्त्यावर सोडली जातात, त्यामागे हीच वासना असते. मराठीत कुत्रेही ‘पाळतात’ आणि शब्दही ‘पाळतात’. पण विकत घेताना ह्यातील पहिलाच अर्थ ध्यानात राहतो.

आणखी एक हिशेब त्या निवृत्त दांपत्याने मांडलेला नसतो. कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. आज पहाटे मुधोळला मैल दोन मैल फिरवून आणणारे पाय सातव्या वर्षी कसे असतील? तेव्हा परगावी राहणारा मुलगा ते कुत्रे नेईल काय?

त्याच घराच्या पायरीवर दुपारच्या सावलीला गल्लीतले एक तांबूस कुत्रे येऊन पडते. उरलेली पोळी त्याला मिळते. त्याला हवा बाधत नाही, श्वास अडत नाही; आणि मुधोळ की पग ह्या चर्चेत त्याचे नाव निघत नाही. त्यालाच घरात घ्यावे, हे उत्तर सोपे दिसते, परंतु तेही निर्दोष नाही. त्याला पट्टा घालून आत आणले तर गल्लीतील त्याचे सोबती, त्याची हद्द, त्याचे उकिरड्यावरचे स्वातंत्र्य हिरावले जाते. बाहेरच ठेवले तर पिसाळण्याची लस कोणी टोचून घ्यावयाची आणि ते कोणाला चावले तर ते कोणाचे, हे प्रश्न पायरीवरच राहतात. संध्याकाळी बाजार भरू लागला की ते उठून निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेथेच येऊन पडते.