मुंगीची कंबर

एक मुंगी हवी. तिला शोधायला लांब जायला नको. खिडकीच्या कट्ट्यावर साखरेचे चार दाणे ठेवा आणि शेजारी बसा. भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. आज एकच इंग्रजी शब्द शिकायचा आहे, तोही शाळेपासून येत असलेला: इन्सेक्ट.

शाळेत आपण पाठ केलं, इन्सेक्ट म्हणजे किडा. मुंगी येईपर्यंत त्या 'म्हणजे'पाशी थोडं थांबू या. मनात 'किडा' म्हणा, आणि जे येईल ते येऊ द्या. किडलेली दाढ. कीड लागलेलं वांगं. रव्यात झालेल्या अळ्या, आणि त्या दिसल्यावर आईने कपाळावर मारलेला हात. आपला हा शब्द बहुतेक वेळा नासाडीच्या बाजूने येतो. आता फुलपाखरू डोळ्यांपुढे आणा. त्याला किडा म्हणून पाहा. जीभ अडखळते. इंग्रजीत मात्र फुलपाखरू, काजवा, मधमाशी, झुरळ सगळीच एका पंगतीला बसतात आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. म्हणजे हा शब्द दुसऱ्याच कुठल्या दारातून आलेला असणार.

एव्हाना मुंगी आली असेल. तिच्या वाटेत बोट घालू नका, फुंकर मारू नका. फक्त तिचं अंग पाहा. पुढे डोकं, मग पाय जोडलेला मधला भाग, मागे फुगीर पोट. आणि मधे खाचा. कुणी बारीक दोऱ्याने करकचून आवळावं तशा.

शब्द याच खाचांमधून निघाला आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अंगावर अशा खाचा असलेल्या प्राण्यांना 'एंटोमा' म्हटलं, म्हणजे आत कापलेले. लॅटिनने तेच नाव आपल्या शब्दांतून घडवलं: 'इन्' म्हणजे आत, 'सेकारे' म्हणजे कापणं. सेक्शन आणि इंटरसेक्शन ही त्याच धातूची भावंडं. सिझेरियनला जोडून आपण जो 'सेक्शन' म्हणतो, तोही छेदच. मग मुंगीकडे पाहत सावकाश म्हणा: इन्... सेक्ट. दोन तुकडे, मधे श्वास.

पुन्हा एकदा म्हणा. घाई नको.

आता पाय मोजा. ती थांबली तरच जमेल. सहाही पाय मधल्या भागालाच आहेत, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन. चालताना ती एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय टेकवते, तेवढ्यात उरलेले तीन उचलते. तिवई बदलत बदलत चालावं तसं. डोळ्याला ते पकडता येत नाही, तरी प्रयत्न करा. संस्कृतात भुंग्याला षट्पद म्हणतात. त्या नावाने पायांकडे पाहिलं, ग्रीकांच्या नावाने खाचांकडे. मला दोन्ही नजरा हव्याशा वाटतात.

कोळी या पंगतीत बसत नाही. त्याला आठ पाय आणि शरीराचे दोनच भाग. मी लहानपणी परीक्षेत तो इन्सेक्टच्या रकान्यात लिहिला होता आणि उत्तरावर लाल फुली आली होती. कितीतरी वर्षांनी वाचलं, की १७५८ साली लिनिअसने प्राण्यांचं वर्गीकरण केलं तेव्हा कोळी, विंचू, एवढंच काय खेकडेसुद्धा 'इन्सेक्टा'तच घातले होते. ते वाचून त्या जुन्या फुलीची सल गेली. शब्दालाही आपली हद्द हळूहळूच कळत जाते.

आता नजर फक्त तिच्या कमरेवर आणा. पोटाच्या अलीकडे एक बारीक गाठ आहे, केसाएवढी भासावी अशी. इथेच थांबा. जितका वेळ लागेल तितका लागू दे.

या गाठीतून तिची अन्ननलिका जाते. मज्जातंतूंची दोरी जाते. रक्त पुढे नेणारी वाहिनीही इथूनच जाते. वाट इतकी चिंचोळी, की पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट घास गिळता येत नाही. ती रस चाटते, पाझर शोषते. तोंडातलीच गाळणी बारीक कण अडवते. घट्ट अन्न घरी अळ्यांसाठी जातं. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात इन्सेक्ट या नावाचा उगम सांगताना छेदांबरोबर या बारीक नळीचाही उल्लेख केला आहे. अंग त्या नळीनेच एकत्र राहतं, असं त्याने नोंदवलं. भिंगाशिवाय त्याने किती निवांत पाहिलं असेल! नाव कापण्याचं ठेवलं, पण जोड त्याच्या नजरेतून सुटली नाही.

एंटोमामधला 'टोम' म्हणजे कापणं. 'ॲटम'मध्येही तोच आहे, फक्त नकार लावून: ज्याला कापता येत नाही ते. डोळे मिटून दोन्ही शब्द शेजारी ठेवा. एका बाजूला अजिबात न कापलं जाणारं, आणि दुसऱ्या बाजूला जागोजागी छेद असूनही दाण्यापाशी वाकलेलं हे जिवंत अंग. त्यावर काही विचार करायचा नाही. नुसतं दोघांना असू द्यायचं.

डोळे उघडा. ती कदाचित निघाली असेल, पोटात रस घेऊन. त्या कमरेपलीकडे एक पिशवी आहे. तिच्यातला रस तिचा एकटीचा नसतो. वारुळात गेल्यावर ती तो पुन्हा तोंडात आणते आणि दुसरीच्या तोंडाशी धरते. दुसरी तिसरीला देते. कट्ट्यावरचा गोडवा असा चिंचोळ्या वाटांवरून आत आत जात राहतो, आपल्याला न दिसणाऱ्या अंधारात.

ती चौकटीच्या फटीपाशी पोचली, की शब्द एकदा मनात म्हणा. मिशा आत जातील, मग डोकं, मग ती बारीक गाठ. पोट सगळ्यात शेवटी.