शिंप्याच्या घरट्याचा फोटो

गेल्या महिन्यात रविवारची दुसरी मिस्सा संपल्यावर युवा संघाच्या दोन मुलांनी मला गेटपाशी गाठले. "अंकल, नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी तुमचा एक फोटो पाहिजे. तो शिंप्याच्या पिल्लांचा, चोची उघडलेल्या आहेत तो." आपल्या धर्मग्रामाच्या कॅलेंडरवर या खेपेला आपल्याच वाड्यांतले पशुपक्षी छापायचे ठरले आहे. कल्पना छान आहे. "बघतो," म्हणून मी निघालो. पण घरी पोहोचण्याआधीच मनात पक्के झाले होते की तो फोटो द्यायचा नाही. मुलांना वाटले असेल, अंकलचा भाव वाढला. तसे नाही. कारण सांगायला हवे, आणि ते गेटपाशी उभ्याउभ्या सांगण्यासारखे नव्हते.

मी काही मोठा छायाचित्रकार नव्हे. पूर्वी ३६ फोटोंचा रोल मिळायचा तेव्हा नात्यातल्या लग्नांत आणि बाप्तिस्म्यांत कॅमेरा माझ्या गळ्यात असायचा, एवढेच. पुढे बोनसच्या पैशातून लांबची भिंग असलेला डिजिटल कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांचे वेड लागले. त्यासाठी अभयारण्यात जायला आम्हांला सवड नाही आणि पैसाही नाही. रविवारी मिस्साहून आलो, चहा झाला, की आम्ही चौघे घरामागच्या वाडीत उतरतो. बावखलापर्यंत जायचे आणि परत यायचे. वाट दहा मिनिटांची. आम्हांला दीड तास लागतो.

या दीड तासात काय दिसत नाही! मोटारीच्या वायरवर खंड्या बसलेला असतो. बावखलाच्या काठी वंचक मातीच्या ढेकळासारखा स्तब्ध उभा असतो, आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र. धाकटी अजूनही दर वेळी टाळी वाजवते. अळूच्या पानांतून पाणकोंबडी आपली काळी पिल्ले घेऊन पळते. केळीतून मुंगूस मान वर करून बघते. थोरला वहीत नावे लिहितो. ५८ झाली आहेत आणि ५९व्यावरून त्याचे आणि माझे भांडण आहे. बायको फोटो काढत नाही, पण पहिले दिसते ते तिलाच. माझी आई तर खाटेवरून नुसत्या आवाजावरून सांगते, आज दयाळ बोलला म्हणून.

या छंदाने आमचे भले केले आहे, हे आधी कबूल करतो. एकदा शेजारच्या विहिरीच्या कठड्यावर लांबलचक धामण निघाली. लोक काठ्या घेऊन आले. थोरल्याने लांबूनच फोटो काढला, तो मोठा करून सगळ्यांना दाखवला, ही धामण आहे, हिला विष नसते, ही उंदीर खाते, असे समजावले. काठ्या परत गेल्या. आणि मी ज्या बावखलात पोहायला शिकलो ते भरून आता तिथे इमारत उभी आहे. तिथे पाणी होते, कमळे होती, पाणकोंबड्या होत्या, हे मुलांना पटवायला माझ्याकडे जुने दोन फोटोच आहेत. तेव्हा फोटो काढणे वाईट, असे मी म्हणत नाही.

आता त्या घरट्याचे. गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. विहिरीजवळ बदामाचे कमरेइतके रोप उगवले होते. धाकटी धावत आली, "पपा, पान शिवलंय!" खरेच शिवले होते. शिंपी हा आपल्या अंगठ्याएवढा पक्षी. मादी पानाच्या कडांना चोचीने भोके पाडते, त्यांतून कोळ्याचे जाळे नाहीतर कापसाचा धागा ओवते, आणि पानाची पिशवी करते. धाग्याचे टोक बाहेरच्या बाजूला पिंजून फुगते, त्यामुळे तो सुटत नाही. त्या पिशवीत मऊ कापूस आणि कापसावर तीन अंडी. बारा-तेरा दिवसांत पिल्ले निघतात आणि आणखी दोनेक आठवड्यांत उडून जातात. म्हणजे महिनाभराचा संसार. आम्ही रोज लांबून बघत होतो आणि घरात दुसरा विषय नव्हता.

पिल्ले निघाली तसा माझा जीव राहीना. एक मोठे पान घरट्यावर छत्रीसारखे आडवे आलेले होते. त्यामुळे आत अंधार, फोटो काळा येई. मी धाकटीला म्हटले, "जरा सुतळी आण." तिने आणली. तिने पान धरले आणि मी ते मागे ओढून कुंपणाच्या काठीला बांधले. ऊन आत आले. आईबाप चोचीत अळी धरून समोरच्या फांदीवर नाचत होते आणि सारखे ओरडत होते. मी मुलांना म्हटले, बघा, कसे गातात! अर्धा तास आम्ही तिथे होतो. तेवढ्यात एकदा मादी धीर करून आत आली, तीन चोची उघडल्या आणि मला तो फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळचा उजेड आणखी चांगला असेल, म्हणून पान तसेच बांधून ठेवले.

सकाळी पिशवी फाटून लोंबत होती. आत काही नव्हते. कुंपणावरून भारद्वाज खाली उतरला आणि गवतात चालत गेला. खिडकीतून आईने हाक मारली, "भारद्वाज दिसला ना? आज दिवस चांगला जायचा." तिला बिचारीला काही माहीत नव्हते. भारद्वाजाचा राग करण्यात अर्थ नाही. त्यालाही पिल्ले असतात, आणि दुसऱ्याची पिल्ले खाणे हे त्याचे अन्नच आहे. पण तो रोज त्या रोपाजवळून जात होता आणि इतके दिवस त्याला ते घरटे दिसले नव्हते.

धाकटी रडू लागली. मी तिला जवळ घेतले आणि म्हटले, "बाय, हा निसर्गाचा नियम आहे. एक जीव दुसऱ्याला खातो." ती शाळेत गेल्यावर मी सुतळी कापून खिशात टाकली.

मी तिला सांगितलेले वाक्य खोटे नव्हते. पुस्तकात तेच लिहिले आहे. म्हणूनच ते मला इतक्या सहज सुचले. आपण मुलांशी सरळ खोटे फारसे बोलत नाही. पण आपल्या हातून घडलेल्या गोष्टीवर एखादे मोठे, सर्वांना लागू पडणारे सत्य झाकण म्हणून ठेवतो.

ते झाकण या उपवासकाळात उघडले. धाकटीची प्रथम कम्युनियनची तयारी चालली होती आणि पहिल्या प्रायश्चित्त संस्काराआधी सिस्टरांनी मुलांना आपापल्या चुका आठवायला सांगितले होते. रात्री अंथरुणावर तिने मला विचारले, "पपा, सुतळी मी आणली होती, ते पण सांगायचं ना?"

आठ महिने! आठ वर्षांच्या पोरीने ती तीन पिल्ले आठ महिने एकटीने वागवली होती आणि मी तो फोटो लोकांना दाखवत फिरत होतो. मी दिवा लावला आणि तिला सगळे सांगितले. पान मी बांधले, रात्रभर तसे मी ठेवले, सुतळी मी लपवली. तू फक्त पपाचे ऐकलेस. तिला कितपत पटले कोण जाणे. पुढे तिने पापनिवेदनात काय सांगितले ते मी विचारले नाही, विचारायचेही नसते. बायको एवढेच म्हणाली, "पक्ष्यांचं नंतर बघा. आधी पोरीला आठ महिने काय शिकवलंत ते बघा."

एक मित्र हसला. म्हणाला, "रविवारी कोंबडी खातोस, बोंबील तळतोस, आणि तीन चिमुकल्या पिल्लांसाठी एवढे?" प्रश्न रास्त आहे, मी त्यावर बरेच दिवस विचार केला. जुन्या करारात अनुवादाच्या २२व्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याबद्दल एक नियम आहे. वाटेत घरटे सापडले आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर दोघांनाही घेऊ नये. आईला जाऊ द्यावे. हा नियम मांसाहार बंद करणारा नव्हे. पिल्ले घेण्याची मुभा त्यात आहे. पण भुकेल्या माणसाच्या हातालाही तिथे एक मर्यादा घातली आहे. मला तर भूकही नव्हती. चांगला फोटो यावा आणि लोकांनी वाहवा करावी, एवढीच गरज होती. कोंबडी मारताना ती मारतो आहोत हे आपल्याला ठाऊक असते. इथे मी प्रेम करतो आहे, अशा समजुतीत होतो.

नंतर कळले की आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा रानपक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत घातले आहे. मला वाटत होते शिकारी म्हणजे बंदूकवाला. बंदुकीवरून डॉ. सालिम अलींची गोष्ट आठवली. लहानपणी, १९०८च्या सुमारास, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी पाडली, ती कोणती हे विचारायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली आणि त्यातून पुढे पक्ष्यांसाठी वाहिलेले एक आयुष्य उभे राहिले. थोरला मला धीर द्यायला हेच सांगत होता. चांगले निघू शकते, हे खरे. पण आपल्या चुकीतून पुढेमागे काही चांगले निघेल, हा हिशेब चूक करणाऱ्यानेच मांडावा, हे मला बरे दिसत नाही.

फोटोचीही एक गंमत आहे. तो कसा मिळाला हे तो सांगत नाही. २००९मध्ये वन्यजीव छायाचित्रणाच्या एका जगप्रसिद्ध स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले होते. पुढच्याच वर्षी ते काढून घेण्यात आले, कारण तो माणसाळलेला लांडगा असावा असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले. फोटो मात्र तसाच होता, रेषाही बदलली नव्हती. माझ्या फोटोतही सुतळी दिसत नाही. मादीच्या चोचीत अळी आहे, पिल्लांचे घसे केशरी दिसतात, मागे हिरवे. पाहणारा म्हणतो, किती गोड! आता मला ठाऊक आहे की चोचीत अळी धरून फांदीवर ओरडत बसलेला पक्षी बहुधा गात नसतो. त्याला घरात जायचे असते आणि वाटेत आपण उभे असतो. तसा पक्षी दिसला की हल्ली आम्ही निघतो. थोरला कुरकुरतो, कारण नेमका तोच फोटो छान येतो.

मग कॅलेंडर. फोटोखाली सगळी हकीकत छापता आली असती तर कदाचित दिला असता. पण चौकोनात तारखाही बसवायच्या असतात. तो घराघरात वर्षातला एक महिना टांगलेला राहील, आणि तो पाहून आणखी कोणी मुलगी आपल्या पपाला घरटे दाखवायला धावेल, आणि पपा सुतळी मागेल. फोटो मी पुसून टाकलेला नाही. पुसू का, असे धाकटीला विचारले होते. ती म्हणाली, "नको, तेवढीच राहिली आहेत."

युवा संघाला मी दुसरा फोटो दिला आहे. धाकटीने मोबाइलवर काढलेला. बावखल, आभाळाचे प्रतिबिंब, कडेला नारळाची झावळी, आणि वरच्या कोपऱ्यात वंचक. त्याचा एक पंख चौकटीबाहेर गेला आहे. मुलांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"अंकल, हा जरा हललाय."

"हो," म्हटले. "तो उडून चालला होता."