मूठभर गवत

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या घरात पहिला आवाज होतो तो मुगीचा. बारीक, चढत जाणारी शीळ. मी खुंटीवरची कापडी पिशवी काढली की ती शीळ दुप्पट होते आणि काजळही सुरू होते. दोघी गिनिपिग. दीड वर्षापूर्वी लेकीच्या हट्टाने घरी आल्या. त्यांच्यासाठी रोज गवत आणायला मात्र मी जाते, आणि हे काम आता मला दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटत नाही.

मुगीला पातं खाताना एकदा जवळून बघावं. ती ते मधे तोडत नाही. टोक तोंडात धरते आणि शिवणयंत्राखाली कापड सरकावं तसं अख्खं पातं आत सरकत जातं. जबडा सारखा हलत असतो. कान लावला तर करकर ऐकू येते. तिच्या तोंडात वीस दात आहेत आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. गवताच्या पात्यात वाळूसारखा कठीण अंश असतो, त्यावर ते घासले जातात. मऊ खाण्यावर दिवस काढले, तर दाढा वाढून जिभेला अडवतात आणि जनावर भुकेलं असून खाऊ शकत नाही.

हे मला आधी माहीत नव्हतं. ज्या दुकानातून दोघींना आणलं, तिथे सांगितलं होतं की गोळ्यांचं खाद्य द्या, वर काकडी-गाजर द्या, बास. खाद्य उघड्या पोत्यातून मोजून दिलं होतं. दोन महिन्यांत मुगी कोपऱ्यात बसून राहायला लागली. केस राठ झाले. उचललं की किंचाळायची. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिचे गुडघे हलकेच दाबून पाहिले आणि विचारलं, “ताजं गवत देता का हो हिला?” सी जीवनसत्त्व कमी पडलं होतं. खाद्यात ते घातलेलं असलं तरी साठवणीत हळूहळू नाहीसं होतं, आणि उघड्या पोत्यात तर लवकरच.

बहुतेक सस्तन प्राणी सी जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. गाय करते, कुत्रा करतो, उंदीर करतो. गिनिपिगला ते जमत नाही आणि माणसालाही जमत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतले आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनिपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला, दर्यावर्दी माणसांच्या हिरड्यांतून रक्त काढणारा तोच रोग. सी जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून सोपी झाली. “आमचा गिनिपिग करू नका” असं आपण सहज बोलून जातो. मुगीला औषधाचे थेंब पाजताना मला त्या पिंजऱ्यांतली जनावरं आठवत राहिली. आपल्यातली एक उणीव त्यांच्यातही होती, म्हणून आपल्यासाठी त्यांना ती भोगावी लागली. त्यांचं आपण देणं लागतो असं मला मनापासून वाटतं. ताज्या हिरव्या गवतात सी जीवनसत्त्व असतं. वाळलेल्या गवतातून ते बहुतेक निघून जातं. म्हणून पिंजऱ्यात वाळलं गवत चोवीस तास हवंच, पण हिरवंही रोज हवं.

डॉक्टरांनी गवत द्या म्हटलं, आणि पुण्यासारख्या शहरात मला वाटलं, त्यात काय, खाली उतरलं की गवत. आई खेड्यात वाढलेली. पहिल्या दिवशी मी आणलेली मूठ तिने वर्तमानपत्रावर पसरली आणि एकेक काडी उचलून वेगळी केली. “ही हरळी. हा लव्हाळा, ह्याची काडी तिधारी असते, बोटात फिरवून बघ. हे मारवेल, ह्याच्यावर म्हशी तुटून पडायच्या. आणि हे काय आणलंस गं? हे तर गाजरगवत!”

मी ते गाजराचा पाला समजून खुडलं होतं. पानं तशीच कातरलेली दिसतात. नावात गाजर आहे, गवत आहे, आणि झाड दोन्हींतलं नाही. त्याने माणसाच्या अंगाला खाज सुटते, जनावराच्या पोटात गेलं तर अपाय करतं. हे तण आपल्याकडे पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते १९५५च्या सुमारास पुण्यातच. आता राज्यात ते नाही असा बांध सापडणार नाही. आईने ते वेगळं बांधून कचऱ्यात टाकलं आणि मला हात साबणाने धुवायला लावले.

तिच्याकडून आणखी कितीतरी कळलं. टेकडीवरचं कुसळी गवत पावसाळ्याच्या सुरुवातीला चांगलं, पण दिवाळीनंतर त्याला कुसळं धरली की नको. आपल्या मोज्यांत रुतणारी ती कुसळं लहान जनावराच्या जिभेत आणि डोळ्यांतही रुततात. कोवळ्या ज्वारीचे फुटवे हिरवेगार दिसले तरी द्यायचे नाहीत, त्यात विष धरतं, गुरं दगावतात. लसूणघास थोडाच, कारण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या गिनिपिगला मुतखडा होऊ शकतो. यंत्राने कापलेलं हिरवळीचं गवत तर नकोच. ते चेंगरलेलं असतं, ढिगात तापतं, आंबतं, आणि गिनिपिगला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बिघडलं तर ते तिथेच फुगतं. नवं गवत पहिल्या दिवशी चार काड्या, मग हळूहळू वाढवत मूठभर. धुवायचं, निथळायचं, उरलेलं संध्याकाळी काढून टाकायचं.

हे सगळं शिकले. तरी गवत मिळेना. सोसायटीच्या भिंतीकडेला होतं, पण एका सकाळी ते सरळ रेषेत पिवळं पडलेलं दिसलं. तणनाशक मारलं होतं. कधी मारलं ते वॉचमनलाही ठाऊक नव्हतं. फवारल्यावर पहिले काही दिवस गवत हिरवंच दिसतं, आणि त्या दिवसांत मी तिथून खुडलं होतं की नाही, हे मला आठवेना. तो अख्खा दिवस मी पिंजऱ्यापाशी बसून काढला. दोघींना काही झालं नाही. पण हात लावावा असं गवत मला त्यानंतर कुठे दिसेना. रस्त्याकडेला धूर आणि तेल, बागेत कुत्र्यांची जागा, नाल्याकाठी नाल्याचं पाणी.

मग देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींकडे गेले. दहा रुपयांची पेंढी लोक त्यांच्याकडून घेतात आणि त्यांच्याच गाईला घालतात. मी पेंढी पिशवीत टाकायला लागले तसं त्यांनी विचारलं, “घरी कोन हाय?” सांगितलं. त्यांनी पेंढी परत घेतली, नाकाला लावली, आतल्या काड्या उलगडल्या आणि निम्म्या बाजूला काढल्या. “ह्ये जुनं हाय ताई. एवढ्याशा जीवाला नगं.” गवत हुंगून बघायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. चांगल्या गवताला पावसाचा वास येतो, शिळ्याला ताकाचा.

गिनिपिगचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरात. तिथे हजारो वर्षांपासून ते घरोघरी पाळतात, खाण्यासाठीच पाळतात. स्वयंपाकघरातच चुलीच्या उबेला ते वावरत असतात आणि घरातलं कुणीतरी रोज हिरव्या चाऱ्याचा भारा आणून त्यांच्यापुढे टाकतं. तिथे चारा आणणाऱ्या बाईला काडी ओळखायला पुस्तक लागत नसणार. आईला लागलं नाही, मावशींना लागलं नाही. मला लागलं, आणि माझ्या लेकीला मी शिकवलं नाही तर तिला पुस्तकातही सापडणार नाही. म्हणून आता रविवारी तिला बरोबर घेऊन जाते. परवा तिने लव्हाळ्याची काडी आपणहून बोटात फिरवून पाहिली.

गणपतीच्या दिवसांत आई दुर्वा निवडायला बसते. कोवळे, तीन पात्यांचे तुरे जुडीसाठी डावीकडे. उरलेली लांब हरळी उजवीकडे, ती मुगी-काजळची. दोघी जाळीला नाक लावून बसलेल्या असतात. देवाला आणि ह्यांना एकाच जागचं गवत चालतं, आणि ती जागा दोघांसाठी स्वच्छच लागते. ह्यापेक्षा साधी कसोटी मला माहीत नाही. आपल्या दारातलं मूठभर गवत धुऊन एका लहान जनावराला निर्धास्त घालता येत नसेल, तर त्याच मातीत आपली मुलं खेळतात, ह्याचा विचार आपण करायला हवा.

सोसायटीच्या सभेत मी एवढंच मागितलं. मागच्या भिंतीलगतचा दहा फुटांचा पट्टा फवारायचा नाही, तिथलं तण हाताने उपटायचं, ते मी उपटेन. आणि बाकी कुठे फवारणार असाल, तर दोन दिवस आधी फळ्यावर तारीख लिहायची. कुणी हसलं नाही. तळमजल्यावरचे काका म्हणाले, त्यांचा नातूही तिथेच खेळतो.

आता आमच्या फळ्यावर तारीख लिहिली जाते. तुमच्याकडे लिहीत नसतील, तर येत्या सभेत एकदा विचारा.