सुसंगतीचे ऋण

हिदेआकी आन्नो दिग्दर्शित ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ (१९९५-९६) या जपानी ॲनिमे मालिकेचे अखेरचे दोन भाग युद्धकथा अर्ध्यावर सोडून १४ वर्षांच्या शिंजीच्या मनात शिरतात. कथानकाची सुसंगती, पात्रचित्रण आणि रंजकता यांचे गुण वेगवेगळे देऊन बेरीज मांडणारी समीक्षा येथे अडखळते. कारण पात्राशी प्रामाणिक राहण्यासाठीच सुसंगती मोडली आहे. (निर्मितीतील ओढाताणीचे कारण दिले जाते; ते उत्पत्तीचे स्पष्टीकरण होय, मूल्याचे नव्हे.) तरीही २४ भाग कुतूहल चाळवणारी कृती प्रेक्षकाचे काही देणे लागते. १९९७च्या चित्रपटाने बाह्य घटनांचा शेवट दाखवून ते फेडले, सांत्वनाचा मात्र लवलेशही न ठेवता. त्याने आधीचा शेवट रद्द होत नाही: स्वतःचा तिरस्कार करणाऱ्याने जगावे कसे, हा प्रश्न तेथेच उघडपणे विचारला गेला होता.