झाकली मूठ कुणाची?

घरातली गुपिते आणि वर्षानुवर्षांच्या ताटातुटीनंतरची भेट, या विषयांवर अलीकडे पुष्कळ कादंबऱ्या येत आहेत. त्यांचा साचाही आता ठरून गेला आहे. वडील वारतात, दूरदेशीची मुलगी घरी येते, माळ्यावरच्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा सापडतो आणि शेवटच्या प्रकरणात दोन म्हाताऱ्या बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडतात. वाचताना माझेही डोळे ओलावतात, नाही असे नाही. पण पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट खुपत राहते. जे उघड झाले ते बरेच झाले, हे या कादंबऱ्या गृहीत धरून चालतात. आपली घरे मात्र 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीवर पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. मूठ उघडावी की झाकलेली ठेवावी, हा वाद आपण हौसेने घालतो; मूठ मुळात कुणाची, हे विचारायचे राहून जाते.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' ही हिंदी कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी अनुवादासाठी २०२२ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक लेखिकेला आणि अनुवादिका डेझी रॉकवेल यांना मिळून दिले गेले, तेव्हा हे नाव सर्वतोमुखी झाले. वाचली किती जणांनी, हा भाग वेगळा; ती सोपी नाही. त्यातली ऐंशी वर्षांची आई नवरा गेल्यावर अंथरूण धरते, घराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. मग एके दिवशी उठते, आणि पुढे मुलीला घेऊन थेट पाकिस्तानात जाते. तिथे उलगडते की फाळणीपूर्वी तिचे एक लग्न झाले होते, अन्वर नावाच्या माणसाशी, आणि सत्तेचाळीसच्या धामधुमीत ते दोघे एकमेकांपासून तुटले. मुलाबाळांना, नातवंडांना याचा पत्ता नव्हता.

ही आई खोटारडी ठरते काय? मला तसे वाटत नाही. त्या आठवणीची किंमत तिने एकटीने मोजली होती. मुलांच्या नावात, हक्कात, जेवणाच्या ताटात तिच्या मौनामुळे काही उणे पडले नाही. आपण जन्मण्यापूर्वी आईला आयुष्य होते, ही गोष्ट मुलांना जड जाते. पण जड जाणे म्हणजे हक्क असणे नव्हे. तिने सांगितले ते तिचे देणे, आणि न सांगता गेली असती तरी कुणाचे ऋण बुडाले नसते.

कुंतीचे तसे नाही. तिच्या मुठीत कर्णाचे नाव होते. सूतपुत्र म्हणून भर सभेत त्याचा अपमान झाला, तेव्हा ती तिथे बसलेली होती. तिने तोंड उघडले ते युद्ध दारात आल्यावर, गंगेच्या काठी, आणि तेही पांडवांच्या जिवासाठी. कर्णाला ते उमगले. अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही, तुझे पुत्र पाचच राहतील, असा शब्द त्याने दिला. पण आई म्हणून तिच्याकडे गेला नाही. मुलांना तिने सांगितले ते युद्धानंतर, मृतांना तिलांजली द्यायच्या वेळी. तेव्हा युधिष्ठिराने समस्त स्त्रीजातीला शाप दिला की यापुढे तिच्या पोटात गुपित राहणार नाही. धर्मराजाचा हा शाप मला नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे. ती बोलली नाही यात कुमारी मातेला जगू न देणाऱ्या समाजाचा वाटा केवढा, हे त्याने पाहिले नाही. पण त्याचा संताप खरा होता. ज्याला मारले तो आपला थोरला भाऊ, हे मारल्यावर कळण्यापेक्षा कधीच न कळणे बरे, की मारण्याआधी कळणे बरे?

तेव्हा ज्याचे आयुष्य त्या गुपिताने घडले वा बिघडले, त्याचा त्यावर हक्क, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष' या १९६५ च्या कन्नड कादंबरीनेही मला तेच सांगितले होते. आमच्या भागात अनेकांनी ती आधी कन्नडमधून वाचली, मग उमा कुलकर्णींच्या मराठीतून. कुलाच्या शुद्धतेवर आयुष्य उभारलेल्या श्रोत्रींना उतारवयात कळते की आपण त्या कुलाच्या रक्ताचे नाहीच. ते घरदार सोडतात, पण सत्याला दोष देत नाहीत.

हे सगळे मी वर्गात मोठ्या आवाजात शिकवलेही आहे. मग काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ ऑफिसात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आमच्याच शाळेचे विद्यार्थी, पण माझ्या येण्याआधीचे. वडील वारल्यावर मामाने पुण्याला नेले, तेव्हापासून गावाशी संबंध तुटलेला. आता म्हाताऱ्या आईला भेटायला आले होते, आणि दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. मी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. वडिलांच्या नावाच्या रकान्यात तांबड्या शाईची रेघ होती. वर त्यांना ठाऊक असलेले नाव, बाजूला तेव्हाच्या हेडमास्तरांची सही. आणि रेघेखाली, सहज वाचता येईल असे, दुसऱ्याच माणसाचे नाव आणि आडनाव.

"सर, माझं पान बघू काय जरा? अक्षर कुणाचं आहे बघतो."

माझ्या नियमाने पाहता नाव त्यांचे, वही त्यांची, हक्क त्यांचा. तरी मी म्हणालो, "जुनी वही आहे, पानं तुटतात." आणि मिटून टाकली. शंभर पोरांसमोर खोटे बोलू नका म्हणणारा मी, आवाज न हलता बोललो. मनात त्यांची आई होती. गावात अजून पाण्याला जाणारी, ऐंशीची. ते सांगायचे तर तिने सांगावे, कपाटाच्या किल्लीवाल्याने नव्हे, असे मी स्वतःला समजावले. पण तिने नाही सांगितले तर? मग मी कुंतीच्याच रांगेत बसलो की नाही?

"आई कशा आहेत?" एवढेच मी विचारले.

"आहे बरी. बोलत नाही फार. शेजारी बसते नुसती."

दुसऱ्या दिवशी क्लार्ककडून दाखला घेऊन ते गेले. त्यानंतर दोन दिवाळ्यांना गावी आल्याचे कळले. शाळेत आले नाहीत. वही त्याच कपाटात, खालून दुसऱ्या खणात आहे. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होईन, तेव्हा चार्ज देताना किल्ल्यांचा जुडगा नव्या हेडमास्तरांच्या हातात ठेवीन. त्या पानाबद्दल त्यांना काही सांगावे की नाही, याचा अजून विचार करतो आहे.