खाडा

डोंबिवली पूर्वेला एक कारकून राहत होते. माणूस भला, पण संध्याकाळच्या लोकलने ठाणं सोडलं की जिभेला धार चढायची. जुलै 2024 पासून सरकारच्या योजनेत लाडक्या बहिणींना महिना 1500 रुपये सुरू झाले आणि त्यांना विषयाची ददात उरली नाही.

"घरबसल्या दीड हजार! आधी काम करून घ्या, मग द्या की."

डबा माना डोलवायचा. डब्याला तेवढीच करमणूक.

एके दिवशी चौथ्या सीटवर कसेबसे टेकलेले आजोबा म्हणाले, "आम्ही पैसे काम करूनच घेतलेत. 72 च्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडली, नगरकडे."

"मग माझं बरोबरच की!"

"अर्धं बरोबर. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, त्यात अट सरकारलाही होती. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर भत्ता. मागायचं आम्ही, शोधायचं त्यांनी. काम करा म्हणणाऱ्यानं आधी काम हातात ठेवावं. ती हमी खेड्यांची. आपल्या महापालिकेत कोण देतंय? आणि तुमच्या पगारातून 200 रुपये व्यवसाय कर जातो ना? 1975 ला तो रोजगार हमीसाठीच बसवला."

कारकुनांनी पगाराची स्लिप वर्षानुवर्षं पाहिली होती. ती ओळ कधी वाचली नव्हती.

घरी आले तर सिंक भरलेलं.

"मावशी आल्या नाहीत," बायको म्हणाली. "लाडक्या बहिणीच्या केवायसीला गेल्यात. सकाळपासून रांगेत आहेत, ओटीपी येत नाही म्हणे."

"बघ! फुकटच्या पैशासाठी कामाला दांडी."

"अहो, पाच घरची भांडी-फरशी करतात त्या. आपण महिन्याचे किती देतो, ठाऊक आहे?"

"किती?"

"दीड हजार."

कारकुनांनी मनात हिशेब मांडला. तीस दिवस, दोन वेळची भांडी, वर फरशी. आकडा तोच येत होता.

"आजचा खाडा कापू नकोस," ते म्हणाले.

"मी कधीच कापत नाही. दर महिन्याला कापायला सांगता तुम्ही."

कारकुनांनी बाह्या सरसावल्या. कढईला पिठल्याची खरवड घट्ट बसली होती, आणि घासणी कुठे असते तेही त्यांना विचारावं लागलं.