अजाणत्याची वस्तू आणि जाणत्याचा भाव

एका खेड्यातील मंडळीत उपदेशकाचे काम करणाऱ्या बंधूंनी आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या मंडळीतील एका वृद्ध विधवा बाईंनी घराच्या डागडुजीसाठी माळ्यावरची पेटी खाली काढविली. तीत काही तांब्याची नाणी, एक पितळी दिवा व पवित्र शास्त्राची एक जाड, कसरीने खाल्लेली प्रत निघाली. बाईंना अक्षरओळख नाही. त्यांनी ह्या बंधूंस बोलावून म्हटले, "गुरुजी, हे काय आहे तेवढे वाचून सांगा. घरात नवे शास्त्र आहे. हे कामाचे नसेल तर भंगारवाल्यास देऊन टाकते." बंधूंनी पहिले पान पाहिले, तो ती प्रत केडगावच्या मुक्ति मिशनात छापलेली निघाली. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व हेल्लेणी भाषांवरून केलेले, मुक्तीतील स्त्रियांच्या हातांनी छापले गेलेले, आणि रमाबाई 1922 साली प्रभूकडे गेल्यानंतर 1924 साली संपूर्ण प्रसिद्ध झालेले ते भाषांतर आहे. अशा प्रतींसाठी शहरातले ग्रंथसंग्राहक चांगला पैसा मोजतात, हे बंधूंस ठाऊक आहे.

ते विचारतात : "भंगारवाला देईल त्याच्या चौपट मी दिले तर बाईंचे नुकसान काय? मी खोटे बोललो नाही. भाव त्यांनीच सांगावयाचा. आणि वस्तू ओळखण्याचे ज्ञान मी पुष्कळ वर्षे वाचून मिळविले, ते फुकट वाटून टाकावे काय?"

घेण्यापूर्वी विचारले, ह्याबद्दल आम्ही त्यांचे प्रथम अभिनंदन करतो. घेतल्यावर विचारणारे पुष्कळ असतात, व त्यांस उत्तर नको असते, आशीर्वाद हवा असतो.

बंधूंच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. ज्ञान हेही श्रमाचे फळ आहे. जुन्या वस्तूंचा जाणकार दहा बाजार पालथे घालतो, नऊ ठिकाणी त्यास काही मिळत नाही, व दहाव्या ठिकाणी एक नाणे सापडते. ते नाणे त्याने ओळखले नसते तर ते मुशीत वितळून गेले असते. प्रत्येक घेणाराने आपल्याला ठाऊक असलेले सारे आधी विकणारास सांगितलेच पाहिजे असा नियम केला, तर शोधण्याचे श्रम कोणी करणार नाही. आपल्या देशाचा कायदाही इतके मागत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कपट म्हणजे काय हे सांगताना असे म्हटले आहे की, केवळ मौन हे कपट नव्हे. दोन व्यापारी सौदा करीत असता एकास भावातील फेराची खाजगी बातमी असली, तरी ती दुसऱ्यास कळविण्यास तो बांधलेला नाही.

परंतु त्याच कलमाखाली दुसरे एक उदाहरण आहे, ते बंधूंनी अवश्य पाहावे. बाप घोडा विकीत आहे, घोड्यात खोड आहे, आणि घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी आहे. तेथे मौन चालत नाही. घोडा तोच, खोड तीच. पण त्या दोघांमधील नाते बापाच्या तोंडावरची मुभा काढून घेते. हा कायदा काही पवित्र शास्त्रावरून लिहिलेला नाही, तरी ज्या जागी त्याने बोट ठेविले आहे तीच आमच्या मते ह्या प्रश्नाची खरी जागा आहे. "न बोलणे पाप आहे काय?" असे मोघम विचारून उत्तर मिळत नाही. कोण, कोणापुढे, कोणत्या नात्याने गप्प बसला, हे विचारावे लागते.

शास्त्र घेणाराविषयी काय म्हणते? नीतिसूत्रांच्या 20 व्या अध्यायाच्या 14 व्या वचनात एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे : विकत घेताना तो वस्तूला नावे ठेवितो, आणि घेऊन गेल्यावर आपल्या सौद्याची फुशारकी मारितो. आठवड्याच्या बाजारात हा मनुष्य कोणी पाहिला नाही? लेवीय 25:14 येथे तर विकणारा व घेणारा ह्या दोघांसही बजाविले आहे की, एकमेकांचा अन्याय करू नका. ह्या आज्ञेच्या लगत काय आहे तेही पाहण्यासारखे आहे. योबेल वर्षास किती वर्षे उरली, म्हणजे किती पिके हाती येतील, ते मोजून जमिनीची किंमत ठरवावी, असे तेथे सांगितले आहे. ती मोजणी दोघांस करता येत होती. मापच जेथे एकाच्या हाती आहे व दुसऱ्यास दिसत नाही, तेथे घासाघीस कितीही खुशीने झाली तरी तो दोघांचा सौदा म्हणता येत नाही.

येथे कोणी मत्तय 13:44 पुढे करील. शेतात ठेव सापडलेल्या मनुष्याने ती लपविली व मग शेत विकत घेतले. शेतमालकास तो बोलला काय? हा आक्षेप आम्ही बायबल वर्गांत अनेकदा ऐकला आहे. प्रभूने त्या दाखल्यात लपविण्याची वाखाणणी केलेली नाही, ज्याप्रमाणे अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यात हिशेबाच्या लबाडीची केलेली नाही. वाखाणणी आहे ती त्या आनंदाची, ज्यापायी मनुष्य आपले सर्वस्व विकतो. आमचे बंधू मात्र काहीच विकणार नाहीत. सर्वस्व देणाराचा दाखला थोडे देऊन पुष्कळ घेणाराच्या उपयोगी कसा पडावा?

प्राचीन काळच्या विचारवंतांपुढेही हा प्रश्न होता. क्विंतुस स्केवोला नावाचा रोमी कायदेपंडित एक शेत विकत घेत होता. विकणाराने भाव सांगितला. स्केवोला म्हणाला की शेताची किंमत मला अधिक वाटते, आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर घालून दिले. ही गोष्ट सांगणारा सिसेरो लिहितो की, लोक त्यास भला म्हणतात पण शहाणा म्हणत नाहीत. आणि भलेपणा व शहाणपणा असे वेगळे करणे हीच सर्व अनर्थाची जड आहे, असे त्याचे मत होते. तो ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्तजन्माच्या आधीच मरण पावला. पुढे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ह्यांनी आपल्या त्रैक्यावरील ग्रंथात एका मनुष्याविषयी लिहिले आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित ग्रंथ विकावयास आला. विकणारास त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने क्षुल्लक रक्कम मागितली. घेणाराने त्याच्या ध्यानीमनी नसता रास्त किंमत दिली. सर्वांना स्वस्तात घ्यावयाचे व महाग विकावयाचे असते, ह्या लोकसमजुतीस उत्तर म्हणून ऑगस्टीन ह्यांनी ती गोष्ट सांगितली आहे. बंधूंचा प्रश्नही ग्रंथाचाच आहे हे विशेष.

आता आपल्या काळाच्या जवळचे एक उदाहरण घेऊ, कारण ते शास्त्राच्याच प्रतीचे आहे व त्यात न्याय करणे इतके सोपे नाही. सुमारे 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत बदाऊनी मेंढपाळांना चामड्यावर लिहिलेल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांपैकी चार, बेथलेहेमातील एका व्यापाऱ्यामार्फत, यरुशलेमेतील सिरियन मंडळीचे महाधर्माध्यक्ष अथनाशियुस शमुवेल ह्यांनी 24 पौंडांस घेतल्या. त्यांत यशयाचे संपूर्ण पुस्तक होते. तोवर ठाऊक असलेल्या संपूर्ण इब्री जुन्या कराराच्या प्रतींहून ते सुमारे एक हजार वर्षांनी जुने. 1954 साली त्याच चार गुंडाळ्या अमेरिकेत अडीच लाख डॉलरांस विकल्या गेल्या, व आज यशयाची गुंडाळी यरुशलेमेत जतन केलेली आहे. मेंढपाळांस फसविले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. घेणारासही त्या वेळी त्यांचे खरे मोल ठाऊक नव्हते. त्यांनी विचारलेल्या जाणत्यांपैकी काहींनी त्या टाकाऊ ठरविल्या होत्या. दोघेही अंधारात होते, व एकाने आपले पैसे धोक्यात घातले. परंतु पुढे इतर गुहांतून तुकडे निघू लागले, तेव्हा घेणारांस मोल ठाऊक झाले होते. आणि तेव्हा चौरस सेंटिमीटरला एक दिनार असा उघड भाव ठरविण्यात आला. मेंढपाळासही आपला तुकडा मोजता येऊ लागला. महाधर्माध्यक्षांचा अंधार आमच्या बंधूंपाशी नाही. त्यांनी पान वाचले आहे.

आणि ते पान त्यांनी कोणासाठी वाचले? बाईंनी त्यांस गिऱ्हाईक म्हणून बोलाविले नव्हते. स्वतःस वाचता येत नाही, म्हणून ज्याच्या डोळ्यांवर त्या दर रविवारी भरवसा ठेवितात त्याला बोलाविले. तो जे वाचतो तेच देवाचे वचन असे समजून त्या बाकावर बसतात. अशा मनुष्याने पहिले पान वाचून फक्त "जुने आहे" इतकेच सांगावे आणि उरलेले खिशात घालावे, हे आमच्या मते मौन नव्हे. ते अर्धे वाचन आहे. बाजारातील अनोळखी व्यापाऱ्यास जी मुभा आम्ही वर दिली, ती उपदेशकास नाही. बाजारात ज्ञान हे त्याचे भांडवल असेल. त्या ओसरीवर ते बाईंनी मागितलेले उत्तर होते.

म्हणून आमचा सल्ला असा. बाईंस प्रथम पूर्ण सांगावे : हे काय आहे, ते कोण घेतो, साधारण काय मिळेल. मग त्यांची इच्छा विकण्याची असल्यास, मुलगा किंवा पुतण्या समोर बसवून बोलणे करावे. संग्राहक देईल ती पुरी रक्कम बंधूंनी पदरची द्यावी असे आम्ही म्हणत नाही; जाण्यायेण्याचा खर्च व श्रमाचे काही त्यांनी घेणे वाजवी आहे, पण ते किती हे बाईंस ठाऊक असावे. दोन व्यापाऱ्यांकडून भाव विचारला तर अधिक बरे, कारण आपला अंदाजही चुकू शकतो.

नाण्यांविषयी दोन शब्द. जुने तांब्याचे नाणे म्हणजे मोठे धन, अशी खोटी आशा बाईंस देऊ नये. पुष्कळ जुनी नाणी थोडक्या किमतीस मिळतात. मोबाईलवर "जुन्या नोटेचे लाखो रुपये" अशा जाहिराती येतात, त्यांत आधी शुल्क मागून लोकांस लुबाडतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे चाललेले पाहून बँकेने 2021 साली जाहीर इशारा दिला होता. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांस 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो, व त्यांचा धंदा करण्यास परवाना लागतो. आणि ती पेटीतली नसून जमिनीत पुरलेली सापडली असती, तर 1878 च्या निखातनिधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव कलेक्टरास कळवावी लागते.

शास्त्राची प्रत देण्यापूर्वी बंधूंनी तिची आरंभीची व शेवटची कोरी पाने तेवढी पुन्हा पाहावीत. पुष्कळ ख्रिस्ती घरांत अशा पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्ने व मृत्यू ह्यांच्या तारखा लिहून ठेविलेल्या असतात. बाईंच्या सासूसासऱ्यांची नावे तेथे असतील, तर ती बाईंस मोठ्याने वाचून दाखवावी, व नव्या शास्त्राच्या कोऱ्या पानावर स्वच्छ अक्षरात उतरून द्यावी.